पिवळ्याची रेघ

ज्याने आपल्याला पाहायला शिकवले, त्याच्याच दृष्टीत उणे आले आहे, हे त्याला सांगावे की सांगू नये, असा प्रश्न फार थोड्यांच्या वाट्याला येतो. ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना उत्तर ठाऊक नसते असे नाही. उत्तर ठाऊक असते, जीभ मात्र उचलत नाही. गप्प राहिल्याने गुरूचा मान राहतो. परंतु त्या मानाचा भार कधी कधी अशा कुणावर जाऊन पडतो, ज्याने त्या गुरूला पाहिलेलेही नसते आणि ज्याला अजून बोलताही येत नाही. या कथेतील सुनेवर असा प्रसंग आला, तो एका छापखान्यातील राखाडी खोलीत.

त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबलही राखाडी. दारामागच्या खुंट्यांवर राखाडी डगले टांगलेले. आत येणाऱ्याने, मग तो छापखान्याचा मालक का असेना, आधी डगला चढवायचा आणि मगच मॉनिटरसमोर उभे राहायचे. कारण अंगावरच्या भडक कपड्यांची झाक काचेवर पडते आणि चित्राचा रंग बाटतो. उन्हातून आलेल्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर डोळे मिटून थोडे बसायचे, हाही तिथला दंडक. हे सारे नियम तिच्या सासऱ्यांचे. छपाईला जाण्यापूर्वी चित्रांचे रंग पडद्यावर पारखून सुधारायचे, हे त्यांचे काम, आणि त्यातच त्यांचे आयुष्य गेलेले. छापखान्यात त्यांना नजरमास्तर म्हणत, आणि त्या म्हणण्यात थट्टेचा लवलेश नसे.

सून त्यांच्याच हाताखाली काम करी. घरी मामंजी म्हणायचे आणि या दारातून आत आले की मास्तर, ही शिस्तही त्यांचीच. “नातं खुंटीला टांगायचं आणि डगला अंगात घालायचा,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्याच दिवशी त्यांनी काडीच्या टोकाने पाण्याचा एक बारीकसा थेंब पांढऱ्या पडद्यावर ठेवला.

“वाक आणि बघ. काय दिसतं?”

ती वाकली. थेंबाच्या पोटात पांढरे असे काही नव्हतेच. तांबड्या, हिरव्या, निळ्या अशा बारीक वाती एकीला खेटून एक, शिस्तीत उभ्या होत्या.

“अगंबाई! पांढरा गेला कुठे?”

“तो तिथं कधी नव्हताच. तो तुझ्या डोळ्यात होतो. या पडद्यावर अशी लाखो घरं आहेत आणि प्रत्येक घरात तीनच वाती. तिन्ही भरून तेवल्या की आपण पांढरं म्हणतो, तिन्ही विझल्या की काळं. बाकीची सगळी सृष्टी या तिघींना मोठं-बारीक करून भागवायची.”

“आणि पिवळा?”

मास्तर गालांत हसले. “पिवळ्याला वात नाही. तांबडी आणि हिरवी लावायची, निळी काढून घ्यायची, की झाला पिवळा. म्हणून पिवळा पारखायचा असेल तर निळीवर नजर ठेव. ती कुठं कमी झाली हे ज्याला कळलं, त्याला पिवळा कळला.”

तेव्हापासून रोज सकाळी कामाला हात घालण्यापूर्वी एक परीक्षा होई. मास्तर पडद्याचे दोन भाग करीत, दोन्ही भागांना जवळजवळ एकच रंग देत आणि विचारीत, “रेघ कुठे आहे?” सीमा कधी उभी असे, कधी तिरकी, कधी अगदी काठाशी दडलेली. ती तिने पेन्सिलीने लांबूनच दाखवायची. पडद्याला बोट लावणे हे त्या खोलीतले महापातक होते. चुकले तर मास्तर एवढेच म्हणत, “जा, तोंड धुऊन ये.” प्रारंभी तिने इतक्या वेळा तोंड धुतले की छापखान्यातले लोक तिला साबणाची वडी भेट देण्याच्या गोष्टी करू लागले. पुढे ती चुकेनाशी झाली. मास्तरांची परीक्षा मात्र कुणीच घेत नसे. कोण घेणार?

अलीकडे ते मॉनिटरवर चिडू लागले होते. “म्हातारा झाला हा. पिवळा पडलाय बघ, जुन्या कागदासारखा,” असे म्हणून त्यांनी पडद्याची निळी वाढवली. काही दिवसांनी पुन्हा वाढवली. पडद्याचा पांढरा खरोखर किती पांढरा आहे, हे आकड्यांत सांगणारे एक छोटे मापकयंत्र होते. ते काचेला लावले की झाले. परंतु मास्तरांनी ते केव्हाच खणात लोटलेले. “यंत्राला आकडा दिसतो, रंग दिसत नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. सुनेला पडदा निळसर भासे. पण मास्तरांपुढे आपले भासणे ते काय, असे म्हणून ती आपल्याच डोळ्यांना दटावून गप्प करी.

अशातच तो तक्ता आला.

तो आणला एका डॉक्टरीणबाईंनी. नवजात बाळांवर उपचार करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. बाळांच्या काविळीचा तो तक्ता होता: एका ओळीत सहा तान्ही मुखे, पहिले निरोगी, शेवटचे गर्द पिवळे. जिथे रक्त तपासण्याची सोय जवळपास नाही अशा दूरदूरच्या दवाखान्यांत तो भिंतीवर लागणार होता.

“जीव आहे तो इथं,” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या आणि चौथ्या बाळाच्या मधल्या जागेवर पेनाचे टोपण टेकवले. “तिसरं बाळ घरी जाऊ शकतं. चौथ्याला तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आज-उद्या नाही. दोघांतला फरक परिचारिकेला दिसलाच नाही, तर ती घाबरून सगळ्यांनाच पाठवेल. मग आया चार वेळा हेलपाटा घालतील, वैतागतील आणि तक्त्यावरचा विश्वासच सोडतील. आणि खरं पिवळं झालेलं बाळ घरीच राहील. कावीळ डोक्यात चढली तर पुढचं मी सांगत नाही.”

“बाई, निश्चिंत असा,” मास्तर म्हणाले. “पिवळा हा माझा घरचा रंग आहे.”

पहिले प्रूफ निघाले, आणि मास्तरांनी ते दिव्याखाली, पडद्याशेजारी धरले मात्र, त्यांच्या कपाळावर आठी उमटली. यंत्रावरच्या माणसाला बोलावणे गेले. तो चालला की किल्ल्या वाजत, बोलला की भांडी पडल्यासारखे होई. म्हणून त्याचे नाव खडखड्या.

“हे काय छापलंस? ही बाळं आहेत की लिंबं?”

“मास्तर, मी काय शाईत लिंबू पिळतो? डबा नवा आहे. सील तुमच्यासमोर फोडलं.”

“मग तुझं मशीन पिवळं ओकतंय.”

“असं म्हणताय? मग मशीनबाईलाच कावीळ झाली असेल. सातवं बाळ म्हणून बसवा तक्त्यात!”

दारात उभे असलेले सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सहाही मुखांवरचा पिवळा थोडा थोडा उतरवला. नवे प्रूफ आले तेव्हा त्यांचे समाधान झाले. “आता कशी माणसांची लेकरं दिसतात!”

सुनेने ते प्रूफ हातात घेतले. तिसरे आणि चौथे बाळ जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. तिने कागद तिरका केला, सरळ केला, दिव्याच्या अगदी खाली नेला. सीमा गेली होती. मास्तर जेवायला गेल्यावर तिने खण उघडला, मापक काचेला लावला आणि आकडे पाहिले. पडदा निळा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला निळा. तिची दटावलेली नजर खरे बोलत होती. निळा करून ठेवलेल्या पडद्याशेजारी निर्दोष कागद पिवळा दिसणारच, आणि कागदाचा तो नसलेला दोष काढता काढता बाळांची कावीळच पुसली गेली. मग निळा पडदा मास्तरांना शुभ्र दिसतो तो कसा? या प्रश्नापाशी तिचे मन आले आणि तिथून पुढे पाऊल टाकीना.

त्या संध्याकाळी घरी तिचे कशात लक्ष लागेना. भाजी चिरताना तिने देठ पातेल्यात टाकले आणि भाजी केराच्या डब्यात. मामंजी बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसले होते. त्यांच्या एका पायात काळा मोजा होता आणि दुसऱ्या पायात गडद निळा. तिने नवऱ्याला खुणेने आत बोलावले.

“मोजे बघितलेस?”

“कुणाचे?”

“मामंजींचे. एक निळा, एक काळा.”

“मग? मीही तसेच घालतो. माझेही डोळे गेले म्हणायचे का?”

“तू आंधळाच आहेस, तुझं सोड. त्यांना निळं दिसत नाहीये. आणि तो तक्ता परवा छापायला जाणार.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याने दाराआडून वडिलांच्या पायांकडे एकदा पाहिले. “सांग ना मग.”

“मी? मुलगा तू आहेस.”

“माझं ऐकतील होय? मी लहानपणी आकाशाला जांभळा रंग दिला, तेव्हापासून माझ्याशी रंगावर बोलणंच बंद केलंय त्यांनी. तुझं ऐकतील. तू त्यांची आहेस.”

“म्हणूनच तर जीभ रेटत नाही.”

“अगं, पण ती बाळं...”

“माहितेय मला!” ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेरून मामंजींनी विचारले, “काय सांडलं?”

“काही नाही, मामंजी,” ती म्हणाली. त्यांच्याशी खरे न बोलण्याचा तो पहिला प्रसंग, आणि जीभ एकदा घसरली की दुसऱ्यांदा घसरायला तिला फारसे निमित्त लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी गेली आणि मापक लावून पडद्याचा पांढरा चोख करून ठेवला. बोलायला नको, दुखवायला नको. पडदा सुधारला की चित्रेही आपोआप सुधारतील, असा तिचा हिशेब. मास्तर आले, डगला चढवला, स्टुलावर डोळे मिटून बसले आणि पडद्यासमोर येताच थबकले.

“कुणी हात लावला याला?”

ती खणाकडे न पाहता म्हणाली, “सकाळी वीज गेली होती. सेटिंग उडालं असेल.”

“बघ, कसा झालाय! गवताच्या गंजीसारखा.” त्यांनी निळी पुन्हा जागच्या जागी नेली, तक्ता उघडला आणि उरलासुरला पिवळाही पुसायला घेतला. ती शेजारी बसून पाहत राहिली. माऊसच्या एकेका टिचकीसरशी चौथे बाळ बरे होत होते. जगात एवढ्या सहजासहजी कुणी बरे होत नाही. दिवसभर ती उठली, बसली, उगाच पाणी पिऊन आली. खडखड्याने तिला जिन्यात गाठले.

“वहिनी, शाई माझी शुद्ध आहे हो. आज वीजही गेली नव्हती. मी पहाटेपासून मशीन चालवतोय.” एवढे बोलून तो किल्ल्या वाजवीत खाली उतरला. खडखड्या इतका हळू बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळले.

छपाईच्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई अखेरचा होकार द्यायला येणार होत्या. सून पुन्हा लवकर आली. तिने पडदा मापकाने चोख केला. मग डॉक्टरीणबाईंनी दिलेले मूळ छायाचित्र उघडले, तिसऱ्या बाळाच्या गालाचा रंग घेऊन पडद्याचा एक भाग भरला, चौथ्या बाळाच्या गालाचा रंग घेऊन दुसरा. मध्ये तिरकी सीमा. तिला ती लख्ख दिसत होती. तिने मापक खणात न ठेवता टेबलावर उघडा ठेवला. मग हात डगल्याच्या खिशांत घातले.

मास्तर स्टुलावरून उठले. ते खुर्चीशी पोहोचण्याच्या आत ती म्हणाली, “मास्तर, रेघ कुठे आहे?”

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. त्यांना गंमत वाटली. “आज उलटी गंगा?” ते वाकले. थोडे मागे सरले. पुन्हा वाकले. “तू रेघ काढायलाच विसरलीस. एकच रंग आहे.”

“आहे रेघ.”

“आधी हा पडदा नीट कर. पुन्हा पिवळा पडलाय.”

“पडदा नीट आहे. मापक लावून बघा.”

“त्या डबीचं मला सांगू नकोस.”

“बरं, नाही सांगत. पण रेघ आहे. हा तिसऱ्या बाळाचा गाल आहे आणि हा चौथ्याचा.”

मास्तरांचा चेहरा कठोर झाला. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. आणि मग, ज्यांनी या खोलीत कधी कुणाला पडद्याला बोट लावू दिले नाही, त्यांनी स्वतःचे बोट काचेवर टेकवले आणि ते हळूहळू एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेले; जणू जी सीमा दिसत नव्हती ती हाताला तरी लागेल. बोट सीमेवरून पलीकडे गेले. ते थांबले नाही.

सुनेच्या तोंडून निघाले, “मामंजी.”

त्या खोलीत तो शब्द यापूर्वी कधी उच्चारला गेला नव्हता. ते रागावले नाहीत. “पांढरा लाव,” ते म्हणाले. “आणि पाणी दे.”

तिने पडदा पांढरा केला. काडीच्या टोकाने त्यांनी थेंब ठेवला. हात अजूनही स्थिर होता. मग एक डोळा तळव्याने झाकून पाहिले, बराच वेळ. मग दुसरा झाकून.

“डावा बरा आहे,” ते सावकाश म्हणाले. “डाव्याला निळी वात दिसते, राखेत निखारा असावा तशी. उजव्याला दोनच वाती आहेत, आणि तिसरीच्या जागी अंधार.” ते खुर्चीत बसले. “म्हणजे पडदा पिवळा नव्हता. पिवळी काच माझ्या डोळ्यात बसलीये.”

तिने टेबलावरचा मापक त्यांच्या हाताशी सरकवला.

“तुला कधी कळलं?”

“दुसरं प्रूफ आलं तेव्हा.”

“आणि काल वीज गेली नव्हती.”

“नव्हती.”

आता मात्र त्यांचा आवाज चढला. “अगं, पडदा खोटं बोलला तर त्याला लावायला मापक आहे. डोळा खोटं बोलला तर हा थेंब आहे. तू खोटं बोललीस तर मी तुला काय लावू?”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. “तुमचा मान...”

“माझा मान त्या चौथ्या बाळाच्या गालापेक्षा मोठा आहे का?” मग त्यांनी डगल्याच्या बाहीने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “जा, तोंड धुऊन ये. काम पडलंय.”

ती आली तेव्हा खडखड्या दारात उभा होता, डगला न घालता, आणि मास्तर त्याला त्याबद्दल काही म्हणत नव्हते.

“शाई तुझी शुद्ध होती,” मास्तर म्हणाले. “मशीनलाही काही झालं नव्हतं.”

खडखड्याने मान खाजवली. “तिला सांगतो. चार दिवस रुसून बसलीये.”

सुनेने मूळ चित्र घेऊन तक्ता पहिल्यापासून बांधायला घेतला. मास्तर शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि विचारीत राहिले. तिसऱ्याच्या कपाळावर निळी किती? चौथ्याच्या हनुवटीवर किती उतरली? ती आकडे सांगे, मग जे दिसे ते सांगे, आकडा आणि दिसणे जुळले नाही की ते म्हणत, “पुन्हा.” दुपार कधी झाली, दोघांनाही कळले नाही.

डॉक्टरीणबाईंनी नवे प्रूफ हातात घेतले आणि त्या टोपण टेकवण्याआधीच थांबल्या. “हेच. अगदी हेच. मास्तर, खरंच घरचा रंग आहे तुमचा.”

“घरचा आहे,” मास्तर म्हणाले, “पण या वेळी पारखला सूनबाईंनी. मी तो पुसून टाकत होतो.” आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसे, त्यांनी त्या दोन वातींची हकिगत सांगितली. बाईंनी त्यांना दिव्याखाली नेले, बुबुळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मी लहान बाळांची डॉक्टर आहे, पण एवढं मलाही दिसतं. मोतीबिंदू पिकलाय. काढता येतो. तडक माझ्या डोळ्यांच्या डॉक्टर मैत्रिणीकडे जायचं, आज-उद्या नाही.”

“तुम्ही मला चौथ्या बाळात काढलंत,” मास्तर म्हणाले.

“चौथ्याच. पाचव्यापर्यंत थांबू नका.”

खाली यंत्र सुरू झाले. जमीन थरथरू लागली. पहिले कागद बाहेर पडले. सुनेने एक उचलला, दिव्याखाली नेला, ठेवला, दुसरा उचलला. फरक होता. तिसऱ्या कागदावर होता, चौथ्या कागदावर होता, आणि तरी तिच्याने स्वस्थ उभे राहवेना. खडखड्या ओरडला, “वहिनी, प्रत्येक कागद तपासणार का? मग छापायचं कधी?” ती हसली, आणि आणखी एक कागद उचलला. वर राखाडी खोलीच्या दारात मास्तर एक डोळा झाकून जिन्याकडे पाहत होते. ती वर चढू लागली, तेव्हा तिच्या ओढणीचा रंग काय आहे हे त्यांनी विचारले, आणि तिने खरे सांगितले.

ज्या भिंतींवर तो तक्ता लागेल, त्या भिंतींखाली निजलेल्या तान्ह्यांची कांती निर्मळ होवो. त्यांच्या आयांना वेळेवर वाट सापडो. त्या वृद्ध डोळ्यांना तिसरी वात पुन्हा दिसो, आणि जिने ती विझल्याचे सांगण्याचे धैर्य केले, तिच्या जिभेवर आणि दृष्टीवर सत्याची छाया सदैव राहो.